मंडपात नेलेली बर्फाची पेटी

मी बर्फाची पेटी बोलतेय. अंगाने निळी, झाकण पांढरं, दोन्ही बाजूंना उचलायला कड्या. पोटात बर्फ म्हणून माझा स्वभावही थंड असेल, असा लोकांचा समज असतो. तसं काहीएक नाही. मला राग येतो, आणि आलेला राग मी जपून ठेवते. आज तो तुमच्यापुढे ओतल्याशिवाय मी राहणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यातून झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुबईच्या देरा भागातलं दुकान, जिथे मी कितीतरी दिवस प्लास्टिकच्या बादल्यांच्या शेजारी पडून होते. एका संध्याकाळी देवदत्त सर आणि त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई तिथे आले. सरांनी सगळ्या पेट्या बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या, मग एकेका पेटीवर चक्क बसून पाहिलं. मृणालिनीबाईंनी मनातल्या मनात दिरहमचे रुपये केले आणि म्हणाल्या, एवढी मोठी कशाला? सर म्हणाले, पोरं दमली की पेटीवरच बसतात, त्यांचं ओझं पेललं पाहिजे.

मग अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत बसून आम्ही खाडी ओलांडली. मी दोघांच्या मधे, आणि सरांचा हात माझ्या झाकणावर. बर दुबईच्या धक्क्यावर उतरताना एकाने मदतीला हात पुढे केला, तर सरांनी त्याला नको म्हटलं. मला फार बरं वाटलं. सुरुवातीला सगळ्यांचीच किंमत असते म्हणा.

देवदत्त सर मूळचे कोल्हापूरचे, तिथल्या पेठेच्या संघातून खेळलेले. दुबईत ते एका कॉलेजात फुटबॉलचे प्रशिक्षक होते. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर फुकटची जाहिरात व्हायची. कॉलेजचे अध्यक्ष अण्णासाहेब. माणूस मराठी, बांधकामाचा मोठा व्यवसाय, आणि पाहुण्यांची भारी हौस. ही हौस ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

सरांचा संघ म्हणजे सगळ्या मुलखांची मुलं. केरळची, पंजाबची, पाकिस्तानची, आणि दोन-चार मराठी. त्यांच्यात हिंदी चालायची, सर रागावले की कोल्हापुरी चालायची, आणि ती मात्र सगळ्यांना समजायची. सरावाच्या दिवशी सर मला धुऊन पुसून बर्फाने भरत. बाटल्यांमधून कोकमाचं सरबत असे. मृणालिनीबाईंचं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घरचं, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. पहिल्यांदा पिताना पंजाबी मुलांनी तोंडं वाकडी केली होती. महिनाभरात तीच मुलं बाटली उलटी करून शेवटचा थेंब घेऊ लागली.

सरांचा एक नियम होता. माझ्यातून कुणी स्वतःची बाटली स्वतः काढायची नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला काढून द्यायची, आणि ज्याच्याशी त्या दिवशी वाजलं असेल त्याला आधी. मैदानात एकमेकांना शिव्या घातलेली मुलं माझ्यासमोर येऊन मुकाट्याने एकमेकांच्या हातात बाटली देत. ओशाळं हसू मी तिथेच पाहिलं. सर सगळ्यांत शेवटी पीत, आणि त्यांना बाटली काढून देण्याचा मान कप्तानाचा. पुष्कळ वर्षं हा मान सुजीतचा होता. सुजीत अल बर्शाचा, सरांच्याच इमारतीत लहानाचा मोठा झालेला. शिक्षण संपल्यावर सरांनीच अण्णासाहेबांच्या मागे लागून त्याला आपला सहायक म्हणून कॉलेजात लावून घेतलं.

आता जूनअखेरची ती दुपार. सांगताना अजून अंगाची लाही होते.

अण्णासाहेबांचे कुणी गुंतवणूकदार पाहुणे आले होते. त्यांना कॉलेज दाखवायचं, मैदान दाखवायचं आणि संघाचा खेळही दाखवायचा होता. पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं, म्हणून सामना भर दुपारी. दुबईत जूनमधली दुपार काय असते हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. मैदानालगतच्या रेलिंगला हात लागला तर चटका बसतो. सरांनी साफ नकार दिला. अण्णासाहेब म्हणाले, वीस-वीस मिनिटांचं तर खेळायचं आहे, पोरं तरणीताठी आहेत, पाहुण्यांसमोर माझी शोभा करू नका.

सर म्हणाले, "साहेब, तुमच्या साइटवरचे कामगारसुद्धा आत्ता सावलीत बसलेत. तसा कायदाच आहे. माझी पोरं उन्हात उतरणार नाहीत."

माझ्यासमोर झालेलं बोलणं आहे हे, शब्द इकडचा तिकडे नाही. अण्णासाहेबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. त्यांनी सरांना सांगितलं, तुमची तब्येत बरी दिसत नाही, आज घरी जा. आणि सुजीतकडे वळून म्हणाले, "सुजीत, टीम तू बघ. यल्ला, चल."

सुजीतने सरांकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे पाहिलं. मग मान हलवली. सर त्याला एवढंच म्हणाले की पेटीजवळून हलू नकोस, आणि निघून गेले.

पण पेटी तिथे राहिली तर ना. पाहुण्यांसाठी कडेला मंडप उभारला होता, तिथला फ्रिज बंद पडला. आंब्याच्या रसाच्या बाटल्या कोमट झाल्या. आपल्या माणसांना काही कळो न कळो, पाहुण्याला कोमट काही द्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं. कॉलेजचे क्रीडा व्यवस्थापक शैलेंद्र धावत आले, त्यांच्या दोन माणसांनी मला उचललं आणि मंडपात नेलं. मुलांचं सरबत बाहेर काढून मैदानाच्या कडेला भर उन्हात ठेवलं आणि माझ्या बर्फात रसाच्या बाटल्या खोचल्या. पाहुणे म्हणाले, वा, काय गार आहे. माझा नुसता जळफळाट झाला. तरण्याताठ्या मुलांना गरम पाणी आणि पंख्याखाली बसलेल्यांना बर्फ, हा कुठला न्याय?

उत्तरार्धात गोलरक्षक मुनीर गोलखांबाला धरून उभा राहिला आणि तसाच खाली घसरला. आधी सगळ्यांना वाटलं, वेळ काढतोय. घाम यायचा थांबला होता त्याचा. कुणीतरी सरांना फोन केला. सर घराकडे निघालेच नव्हते, फाटकाबाहेर गाडीत बसून होते. ते धावत मंडपात आले, रसाच्या बाटल्या टेबलावर ओतल्या, मला एकट्याने उचलून नेलं आणि सगळा बर्फ मुनीरच्या मानेशी, काखेत, मांड्यांशी लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत ते त्याच्याशी बोलत होते. मुनीर वाचला. डॉक्टर म्हणाले, बर्फ वेळेवर मिळाला.

तुम्हाला वाटेल, कॉलेजने सरांचे पाय धरले असतील. ऐका मग.

चार दिवसांत बोलणं सुरू झालं की प्रशिक्षकाच्या हलगर्जीपणामुळे मुलगा मरता मरता वाचला. क्रीडा विभागाच्या खोलीत चौकशी भरली. मी तिथेच कोपऱ्यात होते. सर म्हणाले, "मी नाही म्हणालो होतो. पुढचं माझ्या पोरांना विचारा." बसले निवांत, हाताची घडी घालून. इतका त्यांचा विश्वास.

आणि पोरांनी काय सांगितलं? शैलेंद्रांनी एकेकाला आत बोलावून विचारलं. संघ कुणी निवडला? सरांनी. हे खरंच होतं, संघ नेहमी सरच निवडायचे. सामन्याच्या वेळी सर मैदानात होते का? होते, मुनीर पडला तेव्हा होते. हेही खरंच. सगळं खरं सांगून माणसं किती खोटं बोलू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी सुजीत आला. त्याला सरळ विचारलं, मुलांना मैदानात कुणी उतरवलं? सुजीत माझ्याकडे बघत म्हणाला, "मला नीट आठवत नाही. सगळी गडबड होती." मुनीर तेव्हा इस्पितळात होता, त्याला कुणी विचारायला गेलंच नाही.

सरांनी हाताची घडी सोडली आणि हात मांडीवर ठेवले. त्यांची नोकरी गेली आणि सुजीत मुख्य प्रशिक्षक झाला. सामान घ्यायला आले तेव्हा मला वाटलं, आता आपणही जाणार. मी त्यांची स्वतःची, कॉलेजचा माझ्यावर काय हक्क? त्यांनी टोपी घेतली, बूट घेतले. मुलगी इशिता बरोबर होती, ती म्हणाली, "बाबा, टेक द बॉक्स ऑल्सो. इट्स अवर्स." सर म्हणाले, राहू दे, पोरांना लागेल.

पोरांना लागेल म्हणे! ज्या पोरांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही, त्यांच्यासाठी मी मागे राहायचं? सरांवरसुद्धा मी तेव्हा रागावले, खोटं कशाला सांगू.

नंतरचं सगळं मला मुलांच्या बोलण्यातून कळे. माणसं पेटीवर बसली की मोकळेपणाने बोलतात, पेटीला कान नसतात असं त्यांना वाटतं. सरांना दुसरीकडे काम मिळत नव्हतं. ज्या कॉलेजात जातील तिथे आधीच बातमी पोचलेली, हाच तो, ज्याने मुलाला उन्हात पाडलं. मृणालिनीबाईंनी ओळखीच्या एका किचनमधून डबे करायला घेतले आणि सर ते घरोघर पोचवू लागले. मीना बाजारात सर समोरून येताना दिसले म्हणून एकजण कापडाच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाईक असल्यासारखा साड्या बघत बसला. हे त्याने हसत सांगितलं. बाकीचे हसले नाहीत, एवढंच त्यांचं पुण्य. मुनीर तर सरांचं नाव निघालं की उठून जायचा. त्याचे वडील अण्णासाहेबांच्या कंपनीत, सगळ्या घराचा व्हिसा त्या नोकरीवर. मला हे समजतं. समजलं म्हणून राग जातो असं नाही.

बाटली दुसऱ्याला काढून देण्याचा नियमही बंद पडला. कुणी मोडला नाही, पण सरबतच नव्हतं तर देणार काय? माझ्यात आता हवा भरायचे पंप आणि जुने मोजे होते. वास विचारू नका.

एप्रिलात कॉलेज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं. सामना आमच्याच मैदानावर. मला धुतलं, बर्फ भरला, आणि थेट कुठे नेलं? मंडपात. पुन्हा पाहुणे, पुन्हा रसाच्या बाटल्या. आता या माणसांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा. एक मुलगा मरणाच्या दारातून परत आला, तरी यांना पाहुण्यांचा घसा तेवढा दिसतो.

सामना सुरू झाला आणि थोड्या वेळाने मंडपाच्या मागच्या बाजूने साबुदाणा वड्यांचे ट्रे आले. ट्रे धरणारे हात मी ओळखले. शैलेंद्रांनी ज्या किचनला ऑर्डर दिली होती तिथे कोण काम करतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. देवदत्त सर जुन्याच टोपीत, घामेजलेले, टेबलावर वडे मांडत होते. समोर त्यांचीच पोरं खेळत होती आणि सर त्यांच्याकडे पाठ करून चटणीचे वाडगे लावत होते. एकदाच वळून पाहिलं आणि स्वतःशी पुटपुटले की डावा बचाव फार पुढे येतोय.

अण्णासाहेबांनी त्यांना पाहिलं. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "देवदत्त, तुम्ही जरा मागेच थांबा. पालक आहेत, उगाच चर्चा नको." पण चर्चा व्हायची ती झालीच. एका नव्या खेळाडूची आई दुसरीला म्हणाली, हाच ना तो कोच? आणि हातातली वड्याची बशी न खाता टेबलावर ठेवून दिली. सरांनी ती बशी उचलून कचऱ्यात टाकली आणि टेबल पुसलं. मी बर्फाची पेटी, पण त्या क्षणी माझा बर्फ वितळला नाही हेच नवल.

मध्यंतर झालं. एका मुलाचा गुडघा सुजला होता म्हणून सुजीत बर्फ शोधत मंडपात आला. झाकण उघडून पाहतो तर आत रस. मग त्याने मान वर केली. समोर टेबल पुसणारे सर. मग त्याने एकेक बाटली काढून टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

अण्णासाहेब म्हणाले, "सुजीत, काय करतोस? पाहुणे आहेत."

"त्या दिवशीही पाहुणेच होते, साहेब." सुजीतचा आवाज चढलेला नव्हता. "सरांनी नाही म्हटलं होतं. तुम्ही त्यांना घरी पाठवलंत आणि मुलांना मैदानात मी उतरवलं. ही पेटी तेव्हाही इथेच होती. सर आले नसते तर मुनीर गेला असता. चौकशीत मी म्हणालो, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं."

अण्णासाहेब हसत म्हणाले की सामन्याचं टेन्शन आहे पोराला, हा विषय नंतर बघू. पण मंडपाच्या तोंडाशी हातमोजे घातलेला मुनीर येऊन उभा होता, आणि त्याच्यामागे बाकीचे. मुनीर म्हणाला, "सच बोल रहा है, सर. गिरा तो मैं था. मुझसे किसी ने पूछा ही नहीं." अकरा जणांत एकालाही मागे सरायला जागा उरली नाही, मग एकेकाने मान हलवली. बशी न खाता ठेवणाऱ्या बाई पायांकडे बघत बसल्या.

आता सर काय करतील, रडतील की फटकारतील, म्हणून सगळे वाट पाहत होते. सरांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि सुजीतला विचारलं, "गुडघा कुणाचा सुजलाय? हाफ टाइम संपत आला. चल, पेटी उचल."

सामना आम्ही हरलो. मला त्याचं बिलकुल वाईट वाटलं नाही. जिंकलो असतो तर चषकाच्या फोटोत अण्णासाहेब मधोमध उभे राहिले असते.

सुजीतला काढून टाकायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही. एवढ्या लोकांसमोर बोललेल्या माणसाला काढणं म्हणजे कबुलीच दिल्यासारखं. त्याऐवजी कॉलेजने सरांचा सत्कार करायचं ठरवलं. ऊद मेथातल्या सभागृहात, शाल आणि श्रीफळ देऊन. माफी नाही, नोकरी नाही, चूक कुणाची याचा उच्चार नाही. माणसाची अब्रू घालवायची आणि वर त्याच्या खांद्यावर शाल टाकून टाळ्या वाजवायच्या. एप्रिलच्या दुबईत शाल! सरांनी निरोप पाठवला, त्या वेळी डबे पोचवायचे आहेत, येता येणार नाही.

मग एका शुक्रवारी सगळा संघ मला घेऊन अल बर्शाला सरांच्या घरी गेला. लिफ्टमध्ये सगळे मावेनात, तरी मला खाली ठेवलं नाही. दार मृणालिनीबाईंनी उघडलं. या बाई सदा हसतमुख. घरी आलेल्याला आधी बसवायचं आणि मग नाव विचारायचं, अशी त्यांची रीत. त्या दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या. सुजीत म्हणाला, काकू, आम्ही माफी मागायला आलोय.

"यांच्याकडे बघून लोक रस्ता बदलत होते," त्या म्हणाल्या. "लोकांचं मला काही वाटलं नाही, सुजीत. तू याच इमारतीत राहतोस. हे लिफ्टमध्ये असले की तू जिन्याने जायचास. तुझी पावलं मला ऐकू यायची."

एवढ्या महिन्यांत माझ्याइतकं चिडलेलं दुसरं कुणीतरी मला पहिल्यांदाच भेटलं. त्यांच्याकडे झेपावावंसं वाटलं मला.

आतून सर आले. मुलांना म्हणाले, आज सरावाचा वार ना, इकडे काय करताय? कुणी हललं नाही. मग सर दाराशीच, जिथे बूट काढतात तिथल्या स्टुलावर बसले. मुनीरला समजावं म्हणून नेहमी हिंदीत बोलायचे, पण तेव्हा मराठीतच बोलले.

"मला वाईट वाटलं रे," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं."

बस, एवढंच. मुनीरला मराठी येत नाही, पण रडायला सर्वांत आधी त्यानेच सुरुवात केली. मृणालिनीबाई दारातून बाजूला झाल्या.

तेव्हापासून मी सरांच्या घरी, स्वयंपाकघराच्या बाल्कनीत असते. कॉलेजने एकदा माणूस पाठवून मला परत मागितलं. मृणालिनीबाईंनी त्याला सांगितलं, साहेबांना म्हणावं बर्फ हवा तर नवी पेटी घ्या, खलास. सरांना शारजातल्या एका शाळेत काम मिळालं आहे. तिथल्या लहान मुलांना मी पेलवत नाही, म्हणून सकाळी मी मृणालिनीबाईंची ताकाची भांडी सांभाळते. माझी एका बाजूची कडी तुटली आहे, झाकण पिवळं पडलंय, आणि तळाला एक चीर गेलेली आहे.

माणसांनो, मला शहाणपण शिकवायचं नाही, पण एक विनंती आहे. तुमच्यासाठी जो उन्हात उभा राहिला त्याच्या बाजूने बोलायचं असेल, तर तो डबे वाटायला लागेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी बोला. उशिरा बोलण्यालाही लोक धैर्य म्हणतात, आणि ते मला अजिबात पटत नाही.

आज त्या जुन्या संघाचा सामना आहे. सर आता त्यांचे कुणी नाहीत, तरी पहाटे उठून त्यांनी मला धुतलं, तळाची चीर चिकटपट्टीने बुजवली आणि काठोकाठ बर्फ भरला. मृणालिनीबाईंनी न सांगता आगळाची बरणी काढून दिली. थोड्या वेळात मला न्यायला सुजीत येईल. येऊ दे. मी जाईन, पोरांना गारेगार सरबत देईन, माझ्यावर बसले तर त्यांचं ओझं पेलेन. पण त्याच्याशी मी अजून बोलत नाही.